लहान चित्र मोठं करताना कडा कशा सांभाळायच्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘फोटो मोठा केला की फाटतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात वेगळंच चित्र असतं. कुणाकडे चॅटवरून आलेला लोगो, कुणाकडे जुना ग्रुप फोटो, कुणाकडे सहीचा स्क्रीनशॉट. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच, ‘कोणतं बटण दाबू?’ असं सरसकट बटण नाही. चित्र कोणत्या जातीचं आहे त्यावर उपाय ठरतो. वेळ असेल तर खालचं सगळं क्रमाने वाचा. घाईत असलेल्या लोगोवाल्यांनी थेट लोगोच्या प्रश्नावर उडी मारली तरी चालेल.

‘फाटतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

या एका शब्दामागे तीन वेगळे आजार आहेत. पहिला पायऱ्यांचा : तिरकी रेघ जिन्यासारखी दातेरी दिसते. दुसरा धूसरपणाचा : सगळं दुधी काचेतून पाहिल्यासारखं. तिसरा वलयांचा : गडद कडेला लागून एक फिकट रेघ उमटते, जणू कुणी खडूने बाहेरून गिरवलंय.

पंचाईत अशी की एकावर औषध दिलं की दुसरा बळावतो. पायऱ्या घालवाव्यात तर चित्र धूसर होतं, धूसरपणा घालवावा तर वलयं येतात. १९८८ साली डॉन मिचेल आणि अरुण नेत्रवली यांनी नेमक्या याच ओढाताणीचा अभ्यास केला. माणसांना चित्रं दाखवून कुठला समतोल डोळ्याला बरा वाटतो ते पाहिलं, आणि त्यातून निघालेला ‘मिचेल’ फिल्टर, म्हणजे चित्राचं माप बदलायची एक गणिती रीत, आजही अनेक सॉफ्टवेअरच्या यादीत सापडतो. तेव्हा उपाय विचारण्याआधी आपल्या चित्राला तिघांपैकी काय झालंय ते बघा.

चित्र मोठं करताना कॉम्प्युटर करतो तरी काय?

रिकाम्या जागा भरतो. १०० पिक्सेलची, म्हणजे रंगाच्या १०० ठिपक्यांची, ओळ २०० ची करायची, तर वाढलेल्या पिक्सेलना रंग कोणता द्यायचा हे शेजाऱ्यांकडे बघून ठरवावं लागतं. हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी २५५ धरा. एका ओळीत चार पिक्सेल आहेत : २०, २०, २२०, २२०. डावीकडे गडद, उजवीकडे उजळ, मध्ये कडा. दोन्ही टोकांना तोच रंग पुढे चालू आहे असं समजा आणि ही ओळ दुप्पट करा.

‘निअरेस्ट नेबर’ पद्धत सगळ्यात जवळचा पिक्सेल उचलून जसाच्या तसा ठेवते : २०, २०, २०, २०, २२०, २२०, २२०, २२०. कडा सुरीने कापल्यासारखी. उभ्या-आडव्या कडांना हे छानच, पण कडा तिरकी असेल तर ही उडी ओळीओळीला ठोकळ्याठोकळ्याने सरकते आणि जिना तयार होतो.

‘बायलिनिअर’ पद्धत शेजाऱ्यांची अंतरानुसार सरासरी काढते : २०, २०, २०, ७०, १७०, २२०, २२०, २२०. जिना गेला, पण २० वरून २२० ला पोचताना वाटेत दोन थांबे लागले. डोळ्याला धूसर वाटतं ते या थांब्यांमुळे.

‘बायक्यूबिक’ आडवे चार, उभे चार अशा सोळा शेजाऱ्यांना विचारते. तिच्या कॅटमुल-रोम या प्रकाराने ओळ अशी येते : २०, १५, ६, ६१, १७९, २३४, २२५, २२०. मधली उडी बघा. बायलिनिअरमध्ये ती १०० ची होती, इथे ६१ ते १७९ म्हणजे ११८ ची. कडा अधिक उभी झाली. पण मूळ ओळीत २० पेक्षा गडद आणि २२० पेक्षा उजळ काहीच नव्हतं, तरी इथे ६ आणि २३४ आले कुठून? कडा उभी करण्यासाठी गणिताने घेतलेला तो झोका आहे. गडद बाजू कडेपाशी आणखी गडद, उजळ बाजू आणखी उजळ. थोडा असेल तर चित्र ‘शार्प’ वाटतं, जास्त झाला की वलय दिसतं.

लॅन्झोस सगळ्यात चांगला म्हणतात, ते खरं का?

फोटोसाठी बहुतेक वेळा खरं. कॉर्नेलियस लॅन्झोस या गणितज्ञाच्या नावाचा हा फिल्टर चित्रांसाठी जन्मला नव्हता. १९७९ साली क्लॉड डुशॉन यांनी तो हवामानाच्या आकडेवारीसाठी मांडला होता. नेहमी वापरला जाणारा ‘लॅन्झोस ३’ सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ शेजारी पाहतो. पानं, केस, कापडाची वीण अशा गोष्टी त्यात चांगल्या टिकतात.

पण त्याचा झोका एका फेरीत थांबत नाही. कडेला लागून एक वलय, त्यापलीकडे एक अंधूक दुसरं. फोटोतल्या गर्दीत ते लपून जातं. पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या लाल लोगोभोवती मात्र स्पष्ट दिसतं. सपाट रंगाच्या चित्रांना मिचेल बरा.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता पर्याय निवडू?

फोटोशॉपच्या ‘इमेज साइझ’ खिडकीत फोटोसाठी ‘प्रिझर्व्ह डिटेल्स २.०’ घ्या. तिथेच नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करायचा स्लायडर आहे. दाणेदार फोटो असेल तर तो थोडा वर न्या. सौम्य निकाल हवा असेल तर ‘बायक्यूबिक स्मूदर’. ‘बायक्यूबिक शार्पर’ चित्र लहान करण्यासाठी आहे, नावाला भुलू नका. गिंपमध्ये २.१० आवृत्तीपासून ‘नोहेलो’ आणि ‘लोहेलो’ आहेत. नोहेलो खरोखरच वलयं येऊ देत नाही आणि मोठं करताना माझी पहिली पसंती त्यालाच. क्रिटामध्ये लॅन्झोस आणि मिचेल दोन्ही मिळतात. शेकडो फाइल एकदम करायच्या असतील तर इमेजमॅजिक.

डीपीआय (इंचाला किती ठिपके) ७२ वरून ३०० केलं तर रिझोल्यूशन वाढेल ना?

नाही. नुसता आकडा बदलला तर एक पिक्सेलही वाढत नाही. ८०० गुणिले १२०० चं चित्र ८०० गुणिले १२०० चंच राहतं. कागदावर ते किती इंचांत पसरायचं एवढीच सूचना बदलते. खिडकीतली ‘रिसॅम्पल’ची खूण चालू ठेवून आकडा वाढवला तर पिक्सेल वाढतात, पण ते वर सांगितलेल्या अंदाजानेच. ‘३०० डीपीआयची फाइल द्या’ असं कुणी म्हटलं तर त्यांना विचारा, ‘किती इंचांसाठी?’ त्याशिवाय ३०० ला अर्थ नाही.

मग छपाईसाठी किती पिक्सेल लागतात?

हातात धरून बघायच्या ए-४ पानाला ३०० च्या हिशेबाने २४८० गुणिले ३५०८. हा ३०० काही पवित्र आकडा नाही. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो. ३० सेंटीमीटरवरून त्याचा हिशेब इंचाला सुमारे २९० ठिपके येतो, म्हणून ३०० चा प्रघात. तोच हिशेब ३ मीटरवरून केला तर इंचाला २९ ठिपके पुरतात. भिंतीवर उंच लागणाऱ्या फलकासाठी चित्र दहापट करत बसणारे लोक मी पाहिलेत. खालून बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसणार नसतं. आधी अंतर विचारा. कित्येकदा मोठं करायची गरजच उरत नाही.

माझ्याकडे लोगो फक्त १५० पिक्सेलचा आहे. काय करू?

मोठा करू नका, पुन्हा बनवा. पण त्याआधी मूळ शोधा. संस्थेच्या जुन्या पीडीएफमध्ये, पत्राच्या नमुन्यात किंवा वेबसाइटवर लोगो व्हेक्टर रूपात (ठिपक्यांऐवजी रेघांच्या गणितात) पडलेला असण्याची शक्यता चांगली असते. पीडीएफ उघडून लोगोवर जमेल तेवढं झूम करा. कितीही जवळ गेलं तरी कडा स्वच्छ राहिली तर तो व्हेक्टर आहे. इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये उघडून तो बाहेर काढता येतो, आणि मग फलकापासून पेनाच्या टोपणापर्यंत हव्या त्या मापात वापरता येतो.

नाहीच मिळाला तर ट्रेस करावा लागेल, म्हणजे कडा गिरवून व्हेक्टर बनवावा लागेल. इंकस्केपमधल्या ‘ट्रेस बिटमॅप’मागे पीटर सेलिंगर यांचं पोट्रेस हे इंजिन आहे आणि ते चांगलं काम करतं, पण १५० पिक्सेलचं चित्र थेट त्याच्या तोंडी दिलं तर गोल लोगोचा बटाटा होतो. कारण समजून घ्या. लोगोच्या कडेवर जे करडे पिक्सेल असतात ते घाण नव्हेत. काळा २० आणि पांढरा २२० असताना कडेवरचा पिक्सेल १२० असेल, तर तो सांगतोय की कडा त्याच्या बरोबर मधून गेली आहे. १७० असेल तर गडद भाग पिक्सेलच्या पावभागातच आहे. म्हणजे कडेची जागा पिक्सेलच्या अंशापर्यंत नोंदलेली असते. थेट काळं-पांढरं करताना ही सगळी नोंद फेकली जाते.

म्हणून क्रम असा ठेवा. लोगो मिचेल किंवा बायक्यूबिकने आठपट करा. धूसर होईल, होऊ द्या. हवा असेल तर एक-दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) आणखी द्या. मग ‘लेव्हल्स’ उघडा आणि काळ्या-पांढऱ्याचे दोन्ही स्लायडर मध्याकडे ओढत एकमेकांजवळ आणा. धुक्यातून कडा वर येताना दिसते, गुळगुळीत आणि नेमकी. आता ट्रेस करा. सहीसाठी, शिक्क्यासाठी आणि पेनने काढलेल्या रेखाचित्रासाठीही हाच मार्ग. एक तोटा मात्र आहे : टोकदार कोपरे जरा बोथट होतात. ते ट्रेसनंतर हाताने, नोड (रेघेवरचे ओढता येणारे बिंदू) ओढून टोकदार करावे लागतात.

रंगीत लोगो असेल तर प्रत्येक रंग वेगळा काढून ट्रेस करा. लोगोतली अक्षरं ट्रेस करण्याच्या फंदात पडू नका. फॉन्ट ओळखून नव्याने टाइप करणं दहा मिनिटांचं काम असतं आणि निकाल शंभर टक्के स्वच्छ येतो.

जुन्या गेममधली पिक्सेल आर्ट मोठी करायची आहे.

इथे आधीचं सगळं विसरा. यात प्रत्येक पिक्सेल चित्रकाराने मोजून ठेवलेला असतो. त्याची सरासरी काढणं म्हणजे चित्र पुसणं. निअरेस्ट नेबर वापरा आणि पट पूर्ण आकड्यातच ठेवा : दुप्पट, तिप्पट, चौपट. अडीचपट केलं तर काही पिक्सेल दोन ठिपक्यांचे होतात, काही तीनचे, आणि पात्राचे डोळे लहानमोठे दिसतात.

ठोकळे नको, गुळगुळीत कडा हवी, तर त्यासाठी खास घराणीच आहेत. १९९२ च्या सुमारास लुकासआर्ट्स या गेम कंपनीत एरिक जॉन्स्टन यांनी गेम मॅकवर आणताना ईपीएक्स ही युक्ती काढली : एका पिक्सेलचे चार करताना वर-खाली, डावी-उजवीकडचे शेजारी एकमेकांशी जुळतात का ते बघायचं आणि जुळले तर कोपरा त्यांच्या रंगाने भरायचा. नवा रंग एकही तयार होत नाही, म्हणून कडा तिरकी होऊनही धूसर होत नाही. पुढे स्केल२एक्स, मग २००३ मध्ये मॅक्सिम स्टेपिन यांचा एचक्यू३एक्स, मग एक्सबीआर. बहुतेक एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे तयार मिळतात.

चॅटवरून आलेला जेपेग मोठा केला की अक्षरांभोवती मुंग्या दिसतात. त्या कुठून येतात?

त्या आधीपासूनच होत्या, तुम्ही फक्त भिंग लावलंत. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येकातला बारकावा कमीअधिक टाकून देतो. चौकोनातून तीव्र कडा जात असेल तर टाकलेल्या बारकाव्याची भरपाई म्हणून तिच्या आजूबाजूला लहरी उठतात. त्याच तुमच्या मुंग्या. शिवाय रंगाची नोंद बहुधा दोन गुणिले दोन पिक्सेलना मिळून एकच ठेवली जाते, म्हणून निळ्यावर लिहिलेलं लाल अक्षर कडेला सांडल्यासारखं दिसतं.

यात क्रम महत्त्वाचा. आधी मुंग्या मारा, मग मोठं करा. उलट केलं तर वाढवणारा फिल्टर मुंग्यांनाही तितक्याच प्रेमाने वाढवतो. कॅमेरा रॉमधला नॉइज रिडक्शन किंवा जेपेगचे डाग काढणारा कुठलाही फिल्टर हलक्या हाताने चालवा.

त्याहून सोपं : पाठवणाऱ्याला तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. चॅटमध्ये फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत दाबून लहान केलं जातं. मी या कामात सगळ्यात जास्त वेळा वापरलेलं साधन हा निरोपच आहे.

एआयने मोठं केलं तर हे सगळं टळतं का?

कडांपुरतं बोलायचं तर एआयचा निकाल पाहून थक्क व्हायला होतं. पण ते काय करतं हे समजून वापरा.

२०१४ मधल्या एसआरसीएनएन या तीन थरांच्या छोट्या न्यूरल नेटवर्कपासून, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामपासून, ही वाट सुरू झाली. नेटवर्कला लाखो जोड्या दाखवायच्या, लहान चित्र आणि त्याचं मूळ मोठं चित्र, आणि लहानावरून मोठं ओळखायला शिकवायचं. सुरुवातीला शिकवताना ‘चूक कमीत कमी ठेव’ एवढंच सांगितलं जायचं. एका धूसर ठिपक्यामागे दहा वेगवेगळ्या कडा शक्य असतील तर चूक कमी ठेवणारं उत्तर म्हणजे त्या दहांची सरासरी, आणि सरासरी म्हणजे पुन्हा धूसर. २०१७ मध्ये मांडलेल्या एसआरगॅनने यावर तोडगा काढला : दुसरं एक नेटवर्क परीक्षक म्हणून बसवलं, जे ‘हा खरा फोटो वाटतो की बनवलेला’ एवढंच सांगतं. मग पहिलं नेटवर्क सरासरी सोडून दहांपैकी एक कडा निवडायला लागलं. चित्र कुरकुरीत झालं. निवडलेली कडा खरी होती का, हे परीक्षक विचारत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एआय पोहरा दुसऱ्याच विहिरीतून भरून आणतं.

२०२१ मधलं रिअल-ईएसआरगॅन हे आजच्या अनेक फुकट साधनांच्या पोटात आहे. त्याला शिकवताना चित्रं मुद्दाम खराब केली गेली : धूसर करून, दाणे टाकून, जेपेग करून, आणि हे सगळं पुन्हा एकदा. म्हणून चॅटवरून घासून आलेल्या फोटोवर ते जोरात चालतं. अपस्केल या मोफत ॲपमध्ये ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालवता येतं. रेखाचित्र आणि कार्टूनसाठी त्याचं वेगळं मॉडेल आहे, आणि फोटोचं मॉडेल कार्टूनला लावण्यापेक्षा तेच घ्या. कार्टूनसाठी २०१५ पासूनचं वायफू२एक्स अजूनही वाईट नाही.

चेहरे बदलतात म्हणतात, ते खरंच?

बदलतात. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचं पल्स हे साधन आलं, जे १६ गुणिले १६ पिक्सेलच्या चेहऱ्यातून १०२४ गुणिले १०२४ चा चेहरा उभा करायचं. कुणीतरी त्यात बराक ओबामांचा ठोकळेदार फोटो टाकला आणि बाहेर एक गोरा गृहस्थ आला. त्या गृहस्थाचा फोटो लहान केला तर ठोकळे बरोबर जुळत होते. गणिताच्या दृष्टीने चूक नव्हतीच.

माझ्या घरची गोष्ट छोटी आहे. आजोबांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. त्यांचा एकुलता एक फोटो, जेमतेम तीनशे पिक्सेल रुंद, मी ‘फेस एन्हान्स’ चालू ठेवून चौपट केला. टोपीची कडा, कॉलरची शिवण, पापण्या, सगळं सुरेख आलं. आत्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “अण्णांसारखे दिसतायत रे. पण गाल कुणाचे?” व्रण डाग समजून पुसले गेले होते. आणि ते पुसले गेलेत हे मला, रोज हेच काम करणाऱ्याला, तिने सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

तेव्हापासून घरातल्या माणसांच्या फोटोला चेहऱ्याचा पर्याय मी बंद ठेवतो. एआयची आवृत्ती आणि साधी लॅन्झोस आवृत्ती एकमेकींवर ठेवतो आणि चेहऱ्यापुरती एआयची ‘ओपॅसिटी’ (अपारदर्शकता) कमी करून तीस-चाळीस टक्क्यांवर आणतो. कपडे, पार्श्वभूमी, खुर्चीचा दांडा एआयचा. चेहरा बराचसा मूळचा. किंचित धूसर राहतो, पण माणूस तोच राहतो.

फोटोतला मराठी मजकूर नीट मोठा होईल का?

एआयवर सोडलं तर धोका आहे. त्याला लिपी येत नाही, रेघांच्या सवयी तेवढ्या ठाऊक असतात. शिरोरेखा मध्येच तुटते, जोडाक्षराचा गुंता होतो, ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ नाहीशी होते. सगळ्यात वाईट अनुस्वाराचं. एकटा ठिपका हा कुठल्याही नॉइज रिडक्शनच्या डोळ्यांत कचरा असतो. चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, आणि नेमकं तेच टिंब गळतं.

आकड्यांना तर अजिबात एआय लावू नका. २०१३ मध्ये उघड झालं होतं की काही कॉपियर यंत्रं स्कॅन दाबून ठेवताना सारखे दिसणारे ठिपक्यांचे गट एकच मानत आणि ६ च्या जागी सफाईदार ८ ठेवून मोकळी होत. ते मोठं करण्याचं प्रकरण नव्हतं, पण धडा तोच आहे : धूसर आकडा वाचणारा सावध असतो, कुरकुरीत चुकीचा आकडा कुणी तपासत नाही. दस्तऐवज असेल तर पुन्हा स्कॅन करा. पोस्टर असेल तर मजकूर पुसून नव्याने टाइप करा.

शार्पन आधी करू की नंतर?

नंतर. आधी केलं तर त्याची वलयं चित्रासोबत मोठी होतात. ‘अनशार्प मास्क’मध्ये तीन गोष्टी असतात : किती, किती रुंदीत आणि कुठून पुढे. दुप्पट केलेल्या चित्राला रुंदी म्हणजे रेडियस एक-दीड पिक्सेलपासून सुरू करा, चौपटीला थोडी वाढवा. थ्रेशोल्ड दोन-तीनवर ठेवला तर आकाशातले दाणे उठत नाहीत. आणि हे फक्त उजेडावर करा, रंगावर नको. फोटोशॉपमध्ये वेगळ्या लेयरवर शार्पन करून ब्लेंड मोड ‘ल्युमिनॉसिटी’ ठेवला की कडांना रंगीत झालर येत नाही.

दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेलं तर चांगलं होतं का?

जुनी समजूत आहे. प्रत्येक टप्प्याला थोडा झोका घेतला जातो, म्हणून जरा शार्प वाटतं. तेच एका झटक्यात मोठं करून, वरून शार्पन करून मिळतं.

पारदर्शक पीएनजी मोठी केली की भोवती पांढरी कड येते.

पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो, फक्त तो दिसत नाही. बऱ्याचदा तो पांढरा असतो, कधी काळा. मोठं करताना सॉफ्टवेअरने पारदर्शकतेचा हिशेब न ठेवता शेजाऱ्यांची सरासरी काढली तर हा लपलेला पांढरा कडेत मिसळतो. गडद पार्श्वभूमीवर ठेवेपर्यंत कळतही नाही. उपाय : चित्र ज्या रंगावर शेवटी बसणार आहे तोच रंग मागे भरून मग मोठं करा. पार्श्वभूमी ठरलेली नसेल तर रंग आणि पारदर्शकतेचा मास्क वेगवेगळे मोठे करा. रंगाच्या थरात आधी वस्तूचा रंग कडेबाहेर थोडा पसरवून घ्या.

कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमधली गाडीची नंबर प्लेट वाचता येईल का?

एका फ्रेममधून, चित्रपटात दाखवतात तशी, नाही. अनेक फ्रेममधून मात्र कधीकधी येते, आणि त्यात जादू नाही. गाडी हलते तशी प्लेट प्रत्येक फ्रेममध्ये पिक्सेलच्या जाळीवर थोड्या वेगळ्या जागी पडते, म्हणून प्रत्येक फ्रेम कडेबद्दल थोडी वेगळी माहिती आणते. अशा दहा-वीस फ्रेम मोठ्या करून, अचूक जुळवून सरासरी काढली तर दाणे विरतात आणि खऱ्या कडा वर येतात. रेकॉर्डिंग फार दाबलेलं असेल किंवा गाडी वेगामुळे ओढल्यासारखी दिसत असेल तर हेही चालत नाही.

हीच युक्ती स्वतः फोटो काढताना वापरता येते. स्थिर वस्तूचे हातात धरून पंधरा-वीस फोटो एका दमात काढा. हाताची बारीक थरथर इथे उपयोगी पडते. मग सगळे फोटोशॉपमध्ये लेयर करून दुप्पट करा, ‘ऑटो अलाइन’ करा आणि सरासरी घ्या.

जुन्या छापील फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो मोठा करतोय…

थांबा. मूळ छापील फोटो हाताशी असेल तर तो स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. साडेतीन गुणिले पाच इंचाच्या फोटोतून २१०० गुणिले ३००० पिक्सेल मिळतात, काच चमकण्याचा आणि कॅमेरा वाकडा धरल्याचा त्रास नाही. वरचे निम्मे प्रश्न इथेच संपतात.

ऑनलाइन साइटवर टाकून मोठं केलं तर?

देखाव्यांचे फोटो टाका हवे तर. सही, ओळखपत्र, लहान मुलांचे फोटो अनोळखी साइटवर चढवू नका. आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारी साधनं फुकट आहेत.

मोठं केलेलं चित्र कशात जतन करू?

काम चालू असेपर्यंत पीएनजी किंवा टिफ. शेवटी जेपेगच द्यायचा असेल तर क्वालिटी ९० च्या वर ठेवा, नाहीतर इतक्या मेहनतीने घालवलेल्या मुंग्या परत येतील. आणि मूळ लहान फाइल कधीही डिलीट करू नका. मूळ पुढेमागे पुन्हा लागतं.

निकाल चांगला आलाय हे ओळखायचं कसं?

आधी झूम १०० टक्क्यांवर आणा. ‘फिट टू स्क्रीन’मध्ये सगळंच सुंदर दिसतं, ४०० टक्क्यांवर सगळंच भयानक. मग तीन जागा बघा : एक तिरकी कडा, एक बारीक अक्षर किंवा केस, आणि सपाट रंगाला लागून असलेली एक गडद कडा. पायऱ्या, धूसरपणा आणि वलय, तिघांची हजेरी तिथे लागते.

मग एक उलट तपासणी करा, एआय वापरलं असेल तर हमखास. मोठं केलेलं चित्र परत मूळ मापाचं करा, मूळ चित्रावर लेयर म्हणून ठेवा आणि ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा. दोन्ही जुळत असतील तर पडदा जवळजवळ पूर्ण काळा दिसतो. मूळ चित्राचे जेपेगचे डाग पुसले गेले असतील तर तिथे हलकी भुरभुर दिसेल, ती चालते. पण डोळे, अक्षरं किंवा लोगोची टोकं उजळून दिसली, तर तिथे साधनाने स्वतःच्या मनाचं काहीतरी घातलंय. तेवढ्या भागावर मास्क लावून साधी लॅन्झोस आवृत्ती वर चढवा आणि तपासणी पुन्हा करा. पल्ससारखं प्रकरण असेल तर मात्र ही चाचणीही फसते, तिथे आत्याला विचारावं लागतं.